ज्यांच्या बस सरकारजमा झाल्या, त्याच वाहतूकमंत्री झाल्या

प्रश्न असा आला होता: थायलंडच्या पहिल्या महिला मंत्र्यांमध्ये लर्साक सोंबतसिरी यांचं नाव घेतलं जातं, पण त्या तर मोठ्या उद्योजकाच्या कन्या. मग त्यांचं मंत्रिपद वडिलांच्या नावावर मिळालं असं म्हणायचं, की त्यांचं स्वतःचं काही कर्तृत्व होतं? असेल तर ते नेमकं काय?

शहरी बससेवेचं नियोजन हे माझं कामाचं क्षेत्र. बँकॉकची बस हा या क्षेत्रातल्या लोकांनी नीट अभ्यासावा असा विषय आहे, आणि त्या अभ्यासात लर्साकबाईंचं नाव वारंवार समोर येतं. त्यामुळे मी उत्तर बसच्या बाजूने देणार आहे. माझं मत आधीच सांगते. वडिलांचं नाव नसतं तर त्या मंत्रिमंडळाच्या जवळपासही पोहोचल्या नसत्या, हे खरं आहे. पण त्यांचं मोठेपण मोजायला मंत्रिपद ही चुकीची जागा आहे. ते मोजायचं असेल तर वडिलांच्या मृत्यूनंतरची तीस वर्षं आणि मंत्रिपद गेल्यानंतरचा काळ पाहावा लागतो.

सुरुवात वडिलांपासून करावी लागेल, कारण बँकॉकमध्ये आजही या घराण्याला त्यांच्याच नावाने ओळखतात: नाय लर्ट. जन्म 1872 चा. तरुणपणी परदेशी व्यापाऱ्यांच्या कंपनीत नोकरी, मग 1894 च्या सुमारास स्वतःचं दुकान. शिलाई मशीन, आयात केलेल्या वस्तू, पुढे मोटारी. त्या काळी बँकॉकमध्ये बर्फ सिंगापूरहून जहाजाने यायचा, निम्मा वाटेत वितळायचा आणि उरलेला श्रीमंतांच्या ताटात जायचा. नाय लर्ट यांनी 1905 मध्ये सयामचा (हे थायलंडचं जुनं नाव) पहिला बर्फाचा कारखाना काढला. पुढे चारोएन क्रुंग रस्त्यावर सात मजली इमारत उभी केली. ती तेव्हा शहरातली सर्वांत उंच इमारत होती. राजे राम सहावे यांनी त्यांना 'फ्राया भक्दीनरसेठ' हा किताब दिला. 'फ्राया' ही थाई दरबारातली मानाची पदवी. पुढचा शब्द आपल्या वाचकांना वाचताच कळेल, म्हणून अर्थ सांगत बसत नाही.

या सगळ्यातला बसचा धंदा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी घोडागाड्यांनी प्रवासी वाहतूक सुरू केली, आणि काही वर्षांतच घोड्यांच्या जागी मोटारी आणल्या. बँकॉकमध्ये विजेची ट्राम 1890 च्या दशकातच धावू लागली होती, म्हणजे मुंबईच्या विजेच्या ट्रामच्या दशकभर आधी. पण ट्रामचे रूळ जिथे नव्हते तिथल्या लोकांना पायी किंवा होडीने जावं लागे. नाय लर्ट यांच्या गाड्या तिथे पोहोचल्या. गाड्या पांढऱ्या रंगाच्या, म्हणून लोक 'पांढरी बस' म्हणायचे. सेन सेप कालव्यात त्यांच्या पांढऱ्या होड्याही चालायच्या. बसचा धंदा ज्याने केलाय त्याला यातली खुबी लगेच कळेल: रोज संध्याकाळी रोख पैसे हातात येतात आणि इंधनाचं, सुट्ट्या भागांचं बिल मागाहून येतं. अशा रोखीच्या धंद्याच्या जोरावर माणूस लांब मुदतीची गुंतवणूक करू शकतो. नाय लर्ट यांनी ती जमिनीत केली. आज बँकॉकच्या अगदी मध्यात असलेला प्लोन चित हा भाग तेव्हा भातखाचरांचा आणि शहराबाहेरचा होता. तिथे त्यांनी मोठी जमीन घेतली, आणि 1915 मध्ये त्याच जमिनीवर सागवानी घर बांधलं. ब्रिटिश वकिलात 1920 च्या दशकात नदीकाठची जुनी जागा सोडून प्लोन चितला आली ती नाय लर्ट यांच्याच जमिनीवर. (त्या वकिलातीची जमीन ब्रिटिश सरकारने 2018 मध्ये 42 कोटी पौंडांना विकली. भातखाचराचं काय झालं ते यावरून समजेल.)

लर्साक यांचा जन्म 1919 चा. नाय लर्ट आणि त्यांच्या पत्नी खुनयिंग ('खुनयिंग' ही थाई राजसन्मानाची पदवी) सिन यांची ही एकुलती एक लेक. आई नुसती घर सांभाळणारी नव्हती, हेही नोंदवायला हवं. बँकॉकच्या सिलोम रस्त्यावरचं लर्टसिन रुग्णालय या जोडप्याच्या देणगीवर उभं आहे आणि नावात दोघांची नावं जोडलेली आहेत. मिन बुरी भागात त्यांच्या घराण्याची शाळाही आहे.

मग युद्ध आलं. डिसेंबर 1941 मध्ये जपानी फौजा थायलंडमध्ये शिरल्या आणि पुढची साडेतीन वर्षं दोस्तराष्ट्रांची विमानं बँकॉकवर बॉम्ब टाकत राहिली. रेल्वेचा मक्कासान कारखाना हे त्यांचं आवडतं लक्ष्य, आणि तो या घरापासून फार लांब नाही. घराच्या आवारातही बॉम्ब पडले. युद्ध संपलं त्याच वर्षी, 1945 मध्ये, नाय लर्ट वारले. मुलगी तेव्हा सव्वीस वर्षांची होती.

इथे थोडं थांबायला हवं, कारण प्रश्नातल्या 'वडिलांच्या नावाचं फळ' या भागाचं उत्तर इथेच दडलंय. वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तयार ताट येतं. पण बससेवेचा वारसा म्हणजे काय असतं? युद्धकाळात टायर, इंजिनाचे भाग, पेट्रोल यांचा तुटवडा. गाड्या जुन्या झालेल्या, रस्ते बॉम्बने उखडलेले, लोकसंख्या मात्र वाढत चाललेली. जमीन वाट पाहू शकते, बस नाही. बस रोज सकाळी पाचला डेपोतून निघावी लागते. ड्रायव्हर आला नाही, कंडक्टरने तिकिटाचे पैसे खाल्ले, ब्रेक लागले नाहीत, तर त्याच दिवशी तोटा होतो आणि त्याच दिवशी लोक शिव्या देतात. अशा धंद्यात मालकाच्या मुलीला कुणी केवळ आडनावावर तीस वर्षं टिकू देत नाही. 1945 ते 1975 या काळात बँकॉक झपाट्याने पसरत गेलं. 1968 मध्ये ट्राम कायमची बंद झाली आणि शहराचा सगळा भार बसवर आला. पांढरी बस या सर्व काळात चालू राहिली. स्वच्छ गाडी आणि नीट वागणारे कर्मचारी ही तिची ओळख बँकॉककर अजून सांगतात. बससेवेत अशी ओळख टिकवणं म्हणजे काय असतं हे मला माझ्या कामामुळे माहीत आहे. ती जाहिरातीने येत नाही. डेपोतल्या रोजच्या पाहणीतून, कंडक्टरच्या भरतीतून आणि शिस्तीतून येते, आणि एक वर्ष दुर्लक्ष झालं की जाते.

शिवाय त्या काळच्या थाई कायद्यात विवाहित बाईची जागा कुठे होती ते पाहा. 1935 च्या कुटुंब कायद्यानुसार लग्नानंतरच्या सामायिक मालमत्तेचा व्यवस्थापक नवरा असे. बाईला त्या मालमत्तेवर बंधन येईल असा व्यवहार करायचा तर नवऱ्याची संमती लागे. थायलंडमध्ये बायका बाजार चालवतात, दुकानं चालवतात, हिशेब ठेवतात हे पिढ्यान्‌पिढ्याचं चित्र. पण कागदावर सहीचा हक्क दुसऱ्याचा. 1974 च्या राज्यघटनेने स्त्री-पुरुषांना समान हक्क दिले आणि विसंगत कायदे दोन वर्षांत दुरुस्त करा असं सांगितलं. त्याप्रमाणे कुटुंब कायद्याचा नवा भाग 16 ऑक्टोबर 1976 रोजी लागू झाला. ही तारीख लक्षात ठेवा, कारण त्या एका महिन्यात थायलंडमध्ये जे घडलं ते सगळं या बाईंच्या आयुष्यात येऊन मिळतं.

या हक्काच्या लढ्याशी ज्यांचं नाव खरं जोडलं जातं त्या दुसऱ्या उद्योजिका होत्या: खुनयिंग सुपात्रा सिंगहोलका. त्या वकील होत्या आणि विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कासाठी त्यांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला. त्यांचा धंदाही वाहतुकीचाच. आईकडून नदी ओलांडणाऱ्या होड्यांचा व्यवसाय त्यांच्याकडे आला, आणि 1971 मध्ये त्यांनी चाओ फ्राया एक्स्प्रेस बोट ही सेवा सुरू केली. बँकॉकला गेलेल्या प्रत्येक पर्यटकाने ती बोट पाहिलेली असते. लर्साक आणि सुपात्रा यांना शेजारी ठेवून पाहिलं तर एक गोष्ट जाणवते. एकीची बस सरकारने घेतली, दुसरीची बोट खाजगीच राहिली आणि आजही चालते. असं का झालं?

याचं उत्तर तिकिटाच्या दरात आहे. बसचं तिकीट हा राजकारणाचा विषय असतो, बोटीचं त्या मानाने नसतं. 1973 च्या तेलसंकटात कच्च्या तेलाच्या किमती काही महिन्यांत चौपट झाल्या. डिझेल महागलं, पण बसचं भाडं वाढवायला सरकार तयार नव्हतं, कारण 1973 च्या ऑक्टोबरमध्ये विद्यार्थ्यांच्या उठावाने लष्करी राजवट नुकतीच कोसळली होती आणि रस्त्यावरच्या माणसाला दुखवायची कुणाची हिंमत नव्हती. त्यात बँकॉकमध्ये एक ना दोन, 24 खाजगी बस कंपन्या. प्रत्येकीचे मार्ग एकमेकींवर चढलेले. एकाच थांब्यावर प्रवासी उचलायला गाड्यांची शर्यत, आणि जिथे प्रवासी कमी तिथे गाडीच नाही. आमच्या क्षेत्रात हे चित्र जगभर दिसतं: भाडं सरकार ठरवतं, खर्च बाजार ठरवतो, आणि मधल्या फटीत आधी देखभाल जाते, मग सुरक्षितता, शेवटी कंपनी.

1975 मध्ये कुक्रित प्रामोज यांच्या सरकारने या कंपन्या एका महानगर परिवहन कंपनीत एकत्र करायचं ठरवलं. वर्षभराने सेनी प्रामोज यांच्या सरकारने एक पाऊल पुढे टाकून बँकॉक महानगर परिवहन प्राधिकरण स्थापन केलं. राजाज्ञेने ते 1 ऑक्टोबर 1976 पासून अस्तित्वात आलं आणि वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत गेलं. पांढऱ्या बसची सुमारे सत्तर वर्षांची वाटचाल तिथे संपली. नाय लर्ट यांच्या लेकीने तीस वर्षं सांभाळलेली बस सरकारची झाली.

पाच दिवसांनी, 6 ऑक्टोबर 1976 ला, थम्मसात विद्यापीठात पोलिसांनी आणि उजव्या गटांनी विद्यार्थ्यांवर हल्ला केला. सरकारी आकडा 46 मृतांचा आहे, तो कमी आहे असं अनेकांचं म्हणणं. त्याच संध्याकाळी लष्कराने सत्ता घेतली. राज्यघटना रद्द झाली. न्यायाधीश थानिन क्रैविचियन यांना पंतप्रधान नेमलं गेलं, आणि 22 ऑक्टोबरला त्यांचं मंत्रिमंडळ जाहीर झालं. त्यात दोन स्त्रिया होत्या. विद्यापीठ खात्याच्या विमोनसिरी चामनानवेत, आणि वाहतूक खात्याच्या लर्साक सोंबतसिरी. थायलंडच्या इतिहासात याआधी एकही बाई मंत्री झालेली नव्हती.

म्हणजे, ज्यांची बस कंपनी सरकारने घेतली त्या तीन आठवड्यांत त्याच खात्याच्या मंत्री झाल्या ज्याच्या ताब्यात ती बस गेली होती.

मला या घटनेबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत आणि दोन्ही तितक्याच मनापासून. पहिली अशी की 'पहिली महिला मंत्री' हे बिरुद कौतुकाने लिहिताना ते कोणत्या सरकारात मिळालं हे लपवू नये. थानिन यांचं सरकार निवडून आलेलं नव्हतं. वृत्तपत्रांवर कडक बंधनं होती, अनेक विद्यार्थी जंगलात पळून कम्युनिस्ट पक्षाला मिळाले होते, आणि पंतप्रधान लोकशाही परत आणायला बारा वर्षं लागतील म्हणत होते. थायलंडमध्ये 1930 च्या दशकात निवडणुका सुरू झाल्या तेव्हापासून स्त्रियांना मतदानाचा हक्क आहे, आणि ओरापिन चायकान या 1949 मध्ये उबोन रात्चथानीतून निवडून येऊन पहिल्या महिला खासदार झाल्या होत्या. निवडणुकीच्या मार्गाने बाईला मंत्रिपद मिळायला हवं होतं. ते मिळालं ते रक्त सांडल्यावर नेमलेल्या मंत्रिमंडळात. याची जबाबदारी लर्साकबाईंवर टाकता येत नाही, पण त्यांच्या चरित्रातून ती वगळताही येत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या क्षेत्राची. नेमणुकीमागे त्यांचं घराणं, राजनिष्ठ वर्तुळातली ओळख आणि प्रतिष्ठा होती यात शंका नाही. पण त्या मंत्रिमंडळात वाहतुकीचा धंदा स्वतः चालवलेली व्यक्ती वाहतूकमंत्री होती. हे जगात कुठेही क्वचित होतं. आपल्याकडे बघा ना, किती परिवहनमंत्र्यांनी कधी डेपोचा रोजचा हिशेब पाहिला असेल? एका बसला दिवसाला किती किलोमीटर चालावं लागतं म्हणजे खर्च निघतो, गाडीचं आयुष्य किती, कंडक्टरची पाळी कशी लावायची, हे ज्याला सवयीने माहीत आहे त्याला अधिकारी फसवू शकत नाहीत.

मंत्रिपदाचा काळ मात्र तोकडा. 20 ऑक्टोबर 1977 ला त्याच लष्कराने थानिन सरकार उलथून टाकलं. वर्षाला दोन दिवस कमी. एका वर्षात कुणी देशाची वाहतूक बदलत नाही, आणि त्या वर्षातलं सगळं श्रेय मंत्र्याला देणं बरोबर नाही. तरी खातं केवढं मोठं होतं हे लक्षात यावं म्हणून सांगते: रेल्वे, बंदरं, टपाल, दूरध्वनी, विमानसेवा, सगळं त्याच मंत्रालयाखाली. त्याच वर्षी, फेब्रुवारी 1977 मध्ये, थायलंडचं संपर्क प्राधिकरण, म्हणजे टपाल आणि तार सेवा चालवणारी नवी सरकारी संस्था, कामाला लागली. त्याच वसंतात सरकारने थाई एअरवेज इंटरनॅशनलमधला स्कँडिनेव्हियन विमान कंपनीचा उरलेला 15 टक्के हिस्सा विकत घेतला आणि ती पूर्णपणे थाई कंपनी झाली. बाजूला, नवं बस प्राधिकरण 24 कंपन्यांच्या वेगवेगळ्या गाड्या, वेगवेगळे पगार आणि एकमेकांवर चढलेले मार्ग एका छताखाली आणायची धडपड करत होतं.

बस प्राधिकरणाचं पुढे काय झालं हे सांगितल्याशिवाय हा भाग पूर्ण होत नाही. ते पहिल्या दिवसापासून तोट्यात राहिलं आणि गेल्या काही वर्षांत त्याचं कर्ज शंभर अब्ज बातच्या (बात हे थाई चलन) पलीकडे गेलं आहे. आपल्याकडचे लोक यावरून घाईने निष्कर्ष काढतात की सरकारने बस घेऊ नये. मला तसं वाटत नाही. मुंबईत महापालिकेने 7 ऑगस्ट 1947 ला बेस्टची कंपनी ताब्यात घेतली तेव्हा बससोबत शहराचा वीजपुरवठाही हातात आला, आणि कित्येक दशकं विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघाला. 1 जून 1948 ला पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू झालेल्या एसटीला अख्ख्या राज्याचं जाळं मिळालं. बँकॉकच्या प्राधिकरणाला असा दुसरा आधार कुणी दिलाच नाही. भाडं गरिबांसाठी कमी ठेवायचं हे धोरण चांगलंच आहे, पण त्याचे पैसे वेगळे काढून ठेवावे लागतात. बस स्वतःच्या कमाईतून ते देऊ शकत नाही. नाय लर्ट यांनी ते शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. त्यांच्याकडे बसच्या शेजारी बर्फ होता, दुकान होतं, जमीन होती.

आणि जमिनीवरच लर्साकबाईंचं दुसरं आयुष्य उभं राहिलं, जे मला त्यांच्या मंत्रिपदापेक्षा कितीतरी अधिक शिकवणारं वाटतं. बस गेली, सरकारही गेलं. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या. हातात उरली वडिलांची प्लोन चितची बाग, आजूबाजूला आता गगनचुंबी शहर. साधा माणूस ती तुकड्या-तुकड्यांनी विकून निवांत झाला असता. त्यांनी तिथे हॉटेल काढलं. 1983 मध्ये 'हिल्टन इंटरनॅशनल बँकॉक ॲट नाय लर्ट पार्क' हे 338 खोल्यांचं हॉटेल सुरू झालं. जमीन आणि इमारत घराण्याची, चालवणारी कंपनी परदेशी. हॉटेलच्या धंद्यात याला व्यवस्थापन करार म्हणतात: कंपनी उत्पन्नातून आणि नफ्यातून आपला वाटा घेते, जगभरातून ग्राहक आणते, पण जमिनीची मालकी सोडावी लागत नाही. ज्या बाईंनी एकदा सगळा धंदा दुसऱ्याच्या हाती जाताना पाहिला होता, त्यांनी या वेळी मालकी सोडली नाही, याला मी योगायोग मानत नाही. वेळही नेमकी साधली. थायलंड सरकारने 1987 हे 'थायलंडला भेट द्या' वर्ष म्हणून साजरं केलं आणि त्या दशकाच्या अखेरीस बँकॉकची हॉटेलं भरून वाहू लागली.

बागही राखली. वडिलांनी लावलेली झाडं, कालव्याच्या कडेचा जुना परिसर, आवारातलं चाओ मे थुपथिम या देवतेचं ठाणं, जिथे बायका मूल व्हावं म्हणून नवस बोलतात, हे सगळं राहिलं. नाय लर्ट पार्कचं फुलांचं प्रदर्शन पुढे बँकॉकच्या वार्षिक सोहळ्यांपैकी एक झालं. मध्यवर्ती शहरात एकेक चौरस मीटर सोन्याच्या भावाने विकला जात असताना बाग रिकामी ठेवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटतो. पण हॉटेलच्या दृष्टीने तीच बाग त्याचं भांडवल होती. बँकॉकमध्ये काचेच्या मनोऱ्यातल्या खोल्या भरपूर होत्या, अंगणात जुनी झाडं असलेलं हॉटेल फार कमी.

हॉटेलच्या क्षेत्रात त्या काळी आणखी एक मोठ्या थाई बाई होत्या: थानपुयिंग चनत पियाओई. त्यांनी युद्धानंतर लगेच प्रिन्सेस हॉटेल काढलं आणि 1970 मध्ये दुसित थानी उभं केलं. पुढे तो स्वतःचा थाई ब्रँड जगभर नेला. दोघींची वाट वेगळी. चनत यांनी ब्रँड उभा केला, लर्साक यांनी जमीन आणि वारसा राखून ब्रँड भाड्याने आणला. धंद्यातल्या कर्तृत्वाची तुलनाच करायची तर चनत यांचं काम अधिक मोठं, असं माझं प्रामाणिक मत आहे. लर्साक यांचं वैशिष्ट्य दुसरं: एकाच आयुष्यात त्यांनी खाजगी बस, सरकारी खातं आणि हॉटेल या तीन अगदी वेगळ्या गोष्टी चालवल्या, आणि त्यातली पहिली हातातून गेल्यावरही त्या खचल्या नाहीत. 'थानपुयिंग' हा राजघराण्याकडून मिळणारा सन्मान त्यांनाही मिळाला होता. 2010 मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्या वारल्या.

घराण्याच्या नावाचा प्रश्न थायलंडमध्ये त्यांच्यानंतरही सुटलेला नाही. 2011 मध्ये यिंगलक शिनावात पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, त्या माजी पंतप्रधान थाक्सिन शिनावात यांच्या बहीण. 2024 मध्ये पेतोंगतार्न पंतप्रधान झाल्या, त्या थाक्सिन यांच्या कन्या. फरक इतकाच की या दोघी निवडणुकीच्या राजकारणातून आल्या, आणि दोघींना न्यायालयाने पायउतार केलं. घराणं दार उघडतं हे आपल्याकडेही आपण रोज पाहतो. दार उघडल्यावर आत कोण काय करतं ते तपासणं हे वाचकाचं काम. लर्साकबाईंच्या बाबतीत तपासलं तर 1945 ते 1975 चं बसचं काम आणि 1983 नंतरचं हॉटेलचं काम स्वतःच्या बळावर उभं आहे, आणि मंत्रिपद नेमलेलं आहे. माझ्या मते हेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर.

शेवटी, कुणी बँकॉकला जाणार असेल आणि हे सगळं डोळ्यांनी पाहायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून. हॉटेलची इमारत घराण्याने 2016 मध्ये बँकॉक दुसित मेडिकल सर्व्हिसेस या रुग्णालय समूहाला 10.8 अब्ज बातला विकली, आणि आता तिथे आरोग्यकेंद्र आहे. त्याच परिसरात घराण्याच्या उरलेल्या जागेवर अमान समूहाचं हॉटेल 2025 मध्ये सुरू झालं. पण 1915 चं सागवानी घर तसंच आहे आणि संग्रहालय म्हणून उघडं असतं. आकाशरेल्वेच्या प्लोन चित स्टेशनवर उतरून चालत जाता येतं. मार्गदर्शकासह फिरवतात आणि भेटीचे दिवस ठरावीक असतात, म्हणून जाण्याआधी विचारून घ्या. नदीवर गेलात तर सुपात्राबाईंच्या कंपनीची बोटही पकडा. धक्क्यावर उभं राहिलात की थोड्याच वेळात येते.